निकेल घातलं, तरी यूरिएज उठत का नाही?

सांगलीच्या एका एमएस्सीच्या विद्यार्थिनीनं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. वाळवा तालुक्यातल्या उसाच्या मातीतून तिनं यूरिएज, म्हणजे यूरिया फोडणारं एन्झाइम, देणारा जिवाणू वेगळा केला. पेशी फोडून काढलेल्या क्रूड अर्कात ॲक्टिव्हिटी भरपूर येते. अमोनियम सल्फेटनं प्रथिनं खाली बसवून फॉस्फेट बफरमध्ये रात्रभर डायलिसिस केलं (म्हणजे अर्क पातळ पडद्याच्या पिशवीत ठेवून बारीक रेणू बाहेर जाऊ दिले) की जेमतेम ८ टक्के उरते. क्रूड अर्कात १० मिलिमोलर ईडीटीए (धातू पकडून ठेवणारं रसायन) घातलं तर ६० टक्के उरते. गाइड म्हणतात, "निकेल निघून गेलं, म्हणजे मेटॅलोएन्झाइम (धातूवर चालणारं एन्झाइम) सिद्ध झालं, लिहून टाक." पण डायलिसिस झालेल्या नमुन्यात १ मिलिमोलर निकेल क्लोराइड घातलं तरी काही परत येत नाही, उलट उरलेलंही उतरतं. मग धातू दुसराच आहे का? झिंक आणि कोबाल्ट घालून बघू का?

वयानं तू माझ्या विद्यार्थिनींसारखी, म्हणून 'तू'च म्हणते, राग मानू नकोस. आणि झिंक-कोबाल्टच्या बाटल्या तूर्त कपाटातच राहू देत.

तू विचारलंयस 'धातू कोणता', पण मला त्यात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेले दिसतात. ॲक्टिव्हिटी खरोखर गेली का? गेली असेल तर धातू निघाल्यामुळे गेली का? आणि या एन्झाइमात धातू कोणता? गाइडनी पहिले दोन ओलांडून थेट तिसऱ्यावर उडी घेतली. तुला मात्र निकेल घालून बघायची बुद्धी झाली, आणि उत्तर जमत नाही हे तू लपवलं नाहीस. प्रोजेक्टमध्ये एवढं झालं तरी मी चांगले मार्क देत असे.

मी स्वतः २७ वर्षं जिवाणूंमधल्या लोह आणि मँगनीजच्या एन्झाइमांवर घालवली. यूरिएज हे माझं मुख्य काम नव्हे. पण मिरजेला शिकवत होते तेव्हा दर वर्षी दोन-तीन मुलं यूरिएजच घ्यायची, कारण यूरिया स्वस्त, जिवाणू कुठल्याही बांधावर मिळतो आणि रंग पटकन येतो. त्यामुळे या एन्झाइमच्या खोड्या बऱ्यापैकी अंगवळणी पडल्यात. तुझा जिवाणू कोणता, कुठल्या ब्रॉथमध्ये वाढवलास, पाणी कुठलं वापरलंस, हे तू लिहिलेलं नाहीस, आणि उत्तर बरंचसं त्यावरच ठरणार आहे. तेव्हा खालचं सगळं तुझ्या टेबलावर ताडून बघ.

आधी मोजणीचं. यूरिएज यूरिया फोडतं, त्यातून अमोनिया निघतो, आणि फिनॉल-हायपोक्लोराइटच्या निळ्या रंगावरून आपण तो अमोनिया मोजतो. आता तू प्रथिनं खाली कशानं बसवलीस? अमोनियम सल्फेटनं. म्हणजे जे मोजायचं तेच नमुन्यात मुठीनं ओतलंस. डायलिसिसनंतर ते निघून जातं हे खरं, पण क्रूड अर्काचं काय? यूरिया घातलेल्या ब्रॉथमध्ये वाढलेल्या पेशींच्या अर्कात अमोनिया आधीपासूनच असतो. तो वजा न करता आलेल्या रंगाला तू १०० टक्के धरलं असशील, तर तो १०० हाच आकडा फुगलेला आहे, आणि मग ८ टक्क्यांनाही काही अर्थ उरत नाही. माझ्याकडच्या एका मुलाची 'उडालेली' ॲक्टिव्हिटी अशीच निम्मी कागदावरून उडालेली होती.

उपाय साधा आहे. शून्य मिनिटाचा ब्लँक प्रत्येक नमुन्याचा वेगळा ठेव, त्यात फिनॉलचं द्रावण आधी आणि एन्झाइम नंतर घाल. एकाच वेळेचं एक वाचन घेऊ नकोस. ०, ५, १०, १५ मिनिटांना घे आणि रेषेचा चढ बघ. आधीपासून असलेला अमोनिया रेषा वर उचलतो, तिचा चढ वाढवत नाही.

ईडीटीएच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी तपास. बाटलीवर डायसोडियम लिहिलेलं ईडीटीए पाण्यात विरघळवलं की द्रावण आम्लधर्मी होतं, पीएच चार-पाचच्या घरात. ते सोडियम हायड्रॉक्साइडनं सातच्या वर न आणता अर्कात घातलंस आणि बफर पातळ असलं, तर तू धातू काढला नाहीस, पीएच पाडलास. दुसरं म्हणजे अमोनियाचा स्टँडर्ड ग्राफ एकदा ईडीटीएसह आणि एकदा ईडीटीएविना काढ. ईडीटीएमुळे रंगच फिका येत असेल, तर ४० टक्के एन्झाइम मेलेलं नाही, रंग मेलाय.

समजा हे सगळं तपासलंस आणि तरीही ॲक्टिव्हिटी गेलीच आहे. मग दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते खरी गोम इथेच आहे.

'ईडीटीएनं काम थांबलं, म्हणून धातू निघाला, म्हणून मेटॅलोएन्झाइम' ही साखळी आपण सगळे शिकतो ती एका देखण्या उदाहरणावरून. ई. कोलायचं अल्कलाइन फॉस्फेटेज. त्याच्या प्रत्येक कामाच्या जागी झिंकचे दोन आणि मॅग्नेशियमचा एक अणू असतो. झिंक काढलं की काम बंद, परत दिलं की काम सुरू. वर्गात दाखवायला याहून छान काही नाही, आणि म्हणूनच आपल्याला वाटतं की बाकीची एन्झाइमंही अशीच शहाण्यासारखी वागतील. थर्मोलायसिन घे. त्यात कामाच्या जागी एक झिंक आहे, पण सांगाड्याला धरून ठेवायला चार कॅल्शियम आहेत. ईडीटीएनं कॅल्शियम गेलं की सांगाडा सैल पडतो आणि ते स्वतःलाच चावून खातं. बॅसिलसच्या अल्फा-अमायलेजलाही कॅल्शियम लागतं ते मुख्यतः आकार टिकवायला. तेव्हा ईडीटीएनं एन्झाइम मेलं, यावरून फार तर 'कुठला तरी धातू कशासाठी तरी लागत होता' एवढंच निघतं.

यूरिएजच्या बाबतीत तर गाडी उलटीच आहे. त्यातलं निकेल इतकं घट्ट बसलेलं असतं की नेहमीच्या पीएचला ईडीटीए ते काढू शकत नाही. पीएच बराच आम्लाकडे नेला तर निघतं, पण त्याच ओघात एन्झाइमही कायमचं मोडतं. गंमत अशी की जिवाणूंचं यूरिएज शुद्ध करणारे लोक बफरमध्ये ईडीटीए मुद्दाम घालतात! फॉस्फेट, १ मिलिमोलर ईडीटीए आणि १ मिलिमोलर मर्कॅप्टोइथेनॉल (प्रथिनातल्या गंधकाचं ऑक्सिडेशन रोखणारं रसायन) हे त्या कामातलं नेहमीचं बफर आहे. निकेल काढायचं असतं तर तिथे कोणी ईडीटीए घातलं असतं का? ते घालतात दुसऱ्याच धातूंच्या भीतीनं.

यूरिएजच्या कामाच्या जागेजवळ एक सिस्टीन आहे, त्याला गंधकाचा गट आहे. तांबं, चांदी, पारा हे धातू या गंधकाला चिकटले की एन्झाइम ठप्प. तासगावकडे द्राक्षाला बोर्डो फवारतात, त्यातलं मोरचूद म्हणजे हेच तांबं. बुरशीच्या प्रथिनांतल्या गंधकाला ते असंच धरतं. तुझ्या डायलिसिसच्या पिशवीत यूरिएज रात्रभर दोन लिटर बफरमध्ये पोहत असतं. अर्कातली इतर प्रथिनं, जी आधी तांबं आपल्या अंगावर घेत होती, ती अमोनियम सल्फेटच्या पायरीवर बरीचशी बाजूला पडलेली असतात. दोन लिटर पाण्यात तांब्याचा अगदी अंश असला, तरी पिशवीतल्या थोड्याशा प्रथिनाला तो भारी पडतो.

आमच्याकडे एके वर्षी एक विचित्र प्रकार झाला. मुलींनी शुक्रवारी केलेलं डायलिसिस टिकायचं, सोमवारी केलेलं मरायचं. बरेच दिवस आम्ही सोमवारच्या मुलीलाच बोलत होतो, बिचारीला. मग लक्षात आलं की डिस्टिल्ड वॉटरचा जुना प्लँट धातूच्या नळीचा होता, आणि रविवारभर नळीत उभं राहिलेलं पाणी सोमवारी सकाळी सगळ्यात आधी तीच घ्यायची. पहिलं चार-पाच लिटर पाणी ओतून द्यायला लागलो, बफरमध्ये ईडीटीए घातलं, आणि सोमवार शुक्रवारसारखा झाला. त्या मुलीची मी माफी मागितली, पण ती अजून भेटली की आठवण काढते.

म्हणून आधी हे कर: डायलिसिसची पिशवी सोडियम बायकार्बोनेट आणि ईडीटीएच्या द्रावणात उकळून घे, काचेच्या प्लँटचं किंवा मिलीक्यूचं (अतिशुद्ध पाण्याच्या यंत्राचं) पाणी मिळव, बफरमध्ये १ मिलिमोलर ईडीटीए आणि १ मिलिमोलर मर्कॅप्टोइथेनॉल घाल, आणि सगळं थंड ठेव. मर्कॅप्टोइथेनॉल स्वतःही निकेलला जाऊन बसतं आणि काम अडवतं, तेव्हा मोजताना नमुना भरपूर पातळ कर. मोजणी फॉस्फेटऐवजी हेपीस बफरमध्ये घे, कारण फॉस्फेटही यूरिएजला थोडं अडवतं, पीएच खाली असेल तर जास्तच. एवढं केल्यावर ८ टक्क्यांऐवजी ५०-६० टक्के टिकले, तर तुझी ॲक्टिव्हिटी धातू निघाल्यानं नव्हे, नको तो धातू चिकटल्यानं किंवा गंधकाचं ऑक्सिडेशन झाल्यानं जात होती. ईडीटीए घातल्यावर ॲक्टिव्हिटी वाढली, ही ओळ प्रबंधात लिहायला किती मजा येईल बघ! तरीही नाही टिकली, तर अर्कातली प्रोटिएजेस (प्रथिनं तोडणारी एन्झाइमं) किंवा प्रथिनाचे घटक सुटे होणं ही पुढची दोन संशयितं. त्याबद्दल आज लिहीत नाही.

आता तुझा मुख्य प्रश्न. निकेल घालूनही एन्झाइम का उठलं नाही?

यूरिएज हे स्फटिकरूपात मिळालेलं पहिलं एन्झाइम. अमेरिकेत कॉर्नेलमध्ये जेम्स समनरनं ते १९२६ मध्ये जॅक बीनपासून मिळवलं. जॅक बीन म्हणजे आपल्या अबईच्या शेंगांची सख्खी चुलत बहीण. एन्झाइम म्हणजे प्रथिन, हे तेव्हा मोठमोठे रसायनशास्त्रज्ञ मानायला तयार नव्हते. १९४६ मध्ये समनरला नोबेल मिळालं. पण त्या स्फटिकांत निकेल आहे हे कोणाला कळलं कधी? १९७५ मध्ये, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात. मधली ४९ वर्षं जगातलं सगळ्यात प्रसिद्ध एन्झाइम 'धातू नसलेलं' म्हणून वावरलं. कारण उघड आहे: निकेल सुटून येतच नव्हतं. ते बाहेर निघून परत घालता येण्यासारखं असतं, तर फार आधी सापडलं असतं.

ते इतकं घट्ट का, हे १९९५ मध्ये क्लेबसिएल्ला या जिवाणूच्या यूरिएजची रचना समजली तेव्हा दिसलं. कामाच्या जागी निकेलचे दोन अणू शेजारी शेजारी आहेत, आणि त्यांना जोडणारा पूल म्हणजे एक लायसिन, ज्याच्या टोकाला कार्बन डायऑक्साइडचा रेणू जोडलेला आहे. म्हणजे निकेल बसवायचं तर आधी, किंवा त्याच वेळी, लायसिनवर कार्बन डायऑक्साइड चढायला हवा. पेशीत हे आपोआप होत नाही. यूरे-डी, यूरे-एफ, यूरे-जी आणि यूरे-ई अशी चार मदतनीस प्रथिनं असतात. यूरे-ई निकेल आणून देतं, यूरे-जी जीटीपी (पेशीचं ऊर्जा देणारं रसायन) खर्च करून ते आत जायला मदत करतं, बाकीची दोघं यूरिएजला धरून ठेवतात. जात्याचा खुंटा पाळीत ठोकून बसवावा लागतो. शेजारी आणून ठेवला म्हणून जातं फिरत नाही. तू खुंटा शेजारी आणून ठेवलास.

नुसतं निकेल आणि बायकार्बोनेट देऊन रिकामं यूरिएज थोडंफार जागं करता येतं, पण थोडंच, आणि तेही ज्यात निकेल कधी बसलंच नव्हतं अशा, अजून धड असलेल्या प्रथिनाचं. तुझ्या नमुन्यातलं यूरिएज रिकामं नाहीच. त्यात बहुधा निकेल जागेवरच आहे आणि इजा दुसरीकडे झालीय. त्यावर १ मिलिमोलर निकेल म्हणजे उरल्यासुरल्या गंधकाला आणखी एक ओझं. म्हणून ते आणखी उतरलं.

झिंक-कोबाल्टच्या बाटल्या कपाटात का, तेही सांगते. प्रथिनांना धातू चिकटण्याची एक जवळजवळ ठरलेली उतरंड आहे: मँगनीजपेक्षा लोह घट्ट, लोहापेक्षा कोबाल्ट, त्याहून निकेल, आणि सगळ्यांत घट्ट तांबं, झिंकही त्या वरच्या टोकाकडेच. परीक्षानळीत प्रथिनाला निवड दिली तर ते आपल्या कामाचा धातू उचलत नाही, जो जास्त चिकटतो तो उचलतो. इंग्लंडमधल्या डरहमच्या गटानं २००८ मध्ये एका सायनोबॅक्टेरियामधली दोन प्रथिनं दाखवली, घडण अगदी सारखी, पण एकात मँगनीज आणि दुसऱ्यात तांबं. मँगनीजचं प्रथिन पेशीच्या आत, जिथे मोकळं तांबं जवळजवळ नसतं, तिथे घडी घालून धातू पकडतं आणि मग बाहेर जातं. तांब्याचं बाहेर जाऊन घडी घालतं. म्हणजे कुठला धातू बसायचा हे प्रथिनानं नाही, पेशीनं ठरवलं.

मला हे फार उशिरा आणि महागात कळलं. ई. कोलायचं मँगनीजचं सुपरऑक्साइड डिस्म्यूटेज मी लोहानं भरलेल्या माध्यमात भरपूर बनवलं, शुद्ध केलं, ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शनवर धातू मोजला. लोह आलं, भरघोस. मी आनंदानं लोह लिहून मोकळी झाले. काम मात्र करत नव्हतं, त्यासाठी मी चार महिने माझ्या मोजणीला दोष दिला. त्या एन्झाइमात लोह बसतं, छान बसतं, पण त्यानं काम होत नाही. सापडलेला धातू आणि हक्काचा धातू यांत फरक असू शकतो, हे मला कोणी आधी सांगायला हवं होतं.

तेव्हा धातू कोणता हे प्रथिनाला विचारू नकोस, पेशीला विचार. त्यासाठी तुझ्याकडे लागणारं सगळं आहे. चार फ्लास्क घे, १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर ठेवून धुतलेले. साधं मिनिमल माध्यम, द्रवरूपच. अगारमध्ये धातूंची घाण असते आणि पेप्टोनमधलं हिस्टिडीन निकेलला धरून बसतं, म्हणून दोन्ही नकोत. दोन फ्लास्कमध्ये नायट्रोजनसाठी फक्त यूरिया, दोनमध्ये अमोनियम क्लोराइड. प्रत्येक जोडीतल्या एकात ५ मायक्रोमोलर निकेल क्लोराइड, दुसऱ्यात काही नाही. अमोनियमवर दोन्ही वाढले आणि यूरियावर फक्त निकेलवाला वाढला, तर तुला ते डोळ्यांनी दिसेल, कुठलं यंत्र लागणार नाही. पहिल्या खेपेला फरक दिसेलच असं नाही, कारण आधीच्या ब्रॉथमधलं निकेल पेशी सोबत घेऊन येतात. बिननिकेलच्या ताज्या माध्यमात थोड्या पेशी उचलून दोन-तीनदा पुन्हा वाढव, मग बघ. मग निकेलच्या जागी कोबाल्ट, मँगनीज आणि झिंकचे फ्लास्कही लाव. तुझ्या बाटल्या इथे कामाला येतील.

यात एक अडचण येऊ शकते. काही जिवाणू यूरिया यूरिएजशिवाय, बायोटिनवर चालणाऱ्या दुसऱ्याच एन्झाइमनं फोडतात. पण ते एटीपीवर (पेशीच्या ऊर्जेच्या रेणूवर) चालतं, आणि तुझ्या अर्कात एटीपी न घालता अमोनिया येत असेल तर बहुतेक ही शंका मिटते. ॲसिटोहायड्रॉक्सॅमिक आम्लानं ॲक्टिव्हिटी थांबते का तेही बघ, ते यूरिएजच्या निकेलला जाऊन बसतं.

वेळ उरला तर सगळ्यात सुंदर प्रयोग हा. बिननिकेलच्या माध्यमात वाढलेल्या पेशींना (अमोनियमवर यूरिएज बनतच नसेल, तर दुसरा हळू मिळणारा नायट्रोजन दे) क्लोरॅम्फेनिकॉल दे, म्हणजे नवं प्रथिन बनणं थांबेल, आणि मग निकेल घाल. ॲक्टिव्हिटी चढली तर जुन्याच, रिकाम्या यूरिएजमध्ये पेशीनं निकेल बसवलं. क्लेबसिएल्लामध्ये हे झालेलं आहे. जे तुझ्या नळीत होत नव्हतं ते जिवंत पेशीत होताना दिसेल.

धातू प्रत्यक्ष मोजायचा हट्ट गाइडनी धरलाच, तर हिशोब समजावून सांग. जिवाणूंच्या यूरिएजचा एक कार्यरत भाग साधारण ८३ किलोडाल्टनचा, त्यात निकेलचे दोन अणू, म्हणजे वजनाच्या सुमारे ०.१४ टक्के. पूर्ण शुद्ध १ मिलिग्रॅम प्रथिनात १.४ मायक्रोग्रॅम निकेल. बीएस्सीत केलेली निकेलची डायमिथिलग्लायॉक्झिमवाली लाल परीक्षा इथे कामाची नाही, ग्रॅफाइट फर्नेसवालं ॲटॉमिक ॲब्सॉर्प्शन किंवा आयसीपी, म्हणजे अगदी अंशभर धातू मोजणारं यंत्र लागेल. कोल्हापूरला विद्यापीठात चौकशी कर, किंवा पवईच्या आयआयटीच्या उपकरण केंद्रात. नमुन्यासोबत डायलिसिसच्या बाहेरचं बफरही पाठव, नाहीतर बफरमधलं निकेल प्रथिनाच्या नावावर जमा होईल. आणि पुढेमागे क्लोनिंग केलंस तर निकेलच्या कॉलमवरून (प्रथिन निकेलला चिकटवून शुद्ध करायची नळी) काढलेल्या प्रथिनात निकेल सापडलं म्हणून पेढे वाटू नकोस. तसं करणारे मी पाहिलेत.

सबमिशनला दोनच महिने उरले असतील तर सगळं होणार नाही. मग मोजणी नीट करणं, ईडीटीए-मर्कॅप्टोइथेनॉलमधलं डायलिसिस आणि चार फ्लास्क, एवढंच कर. प्रबंधात लिही: 'यूरियावरची वाढ आणि अर्कातली ॲक्टिव्हिटी निकेलवर अवलंबून आहे, ईडीटीएचा परिणाम निकेल निघाल्यामुळे झाला असं म्हणता येत नाही.' गाइडना हे पटवायला १९२६ आणि १९७५ ही दोन सालं पुरतील. बाहेरच्या परीक्षकानं व्हायव्हात ईडीटीएबद्दल विचारलंच, तर तुझ्याकडे त्याच्यापेक्षा जास्त सांगण्यासारखं असेल.

आणि हो, तुमच्या लॅबमध्ये कोणी अमोनियासाठी नेसलरचं द्रावण वापरत असेल, तर आधी त्या नळ्या वेगळ्या कर. नेसलरमध्ये पारा असतो, धुऊनही काचेला राहतो, आणि यूरिएजला तो तांब्याहून वाईट. त्यांच्यावर लाल पेननं खूण कर आणि तुझ्या रॅकमध्ये येऊ देऊ नकोस. द्रावण सिंकमध्ये ओतू नका, वेगळ्या बाटलीत साठवा.